तेलगावचा फोनो आणि एका गवयाचं निधन

माझं लग्न जमलं ते एका वृद्ध गवयाच्या मृत्यूमुळे. असा कुणी गवई मुळात जन्मालाच आला नव्हता, हे जरा उशिरा कळलं. तोवर तेलगावच्या भल्याभल्यांनी त्याच्यासाठी पागोटी उतरवली होती, आणि तीही माझ्या सांगण्यावरून!

ते निजामाच्या राज्यातले दिवस. मी दोन वर्षं हैदराबादेत शिकून आष्टीला परतलो होतो. काय शिकलो ते विचारू नका. (परीक्षेत विचारलं होतं, तेव्हाही सांगता आलं नाही.) पण आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे गाण्याच्या बैठकी होत, आणि तिथं ऐकणारे काय काय बोलतात ते मी सगळं पाठ करून आलो होतो. 'वाहवा!' कुठं म्हणायचं, मान कुठं हलवायची, 'यातला खरा अर्थ निराळाच आहे' हे कसं डोळे मिटून सांगायचं, सगळं पक्कं! गावात मी जाणकार ठरलो. देवळात भजन संपलं की बुवांनी टाळ खाली ठेवायच्या आत मी त्यातला भाव उलगडायला घ्यायचो. पुढं पुढं बुवा मला पाहिलं की पुढचं भजन श्वास न घेता सुरू करायचे.

ही कीर्ती तेलगावच्या नानासाहेबांच्या कानावर गेली. नानासाहेब म्हणजे बडे जमीनदार, आणि गाण्याचे वेडे. त्यांची मुलगी अनसूया लग्नाची होती. जावयाला शेतीतलं कळो न कळो, गाण्यातलं कळलं पाहिजे, ही त्यांची एकच अट. माझ्या मामांनी ही बातमी आणली तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"दिग्या, असं स्थळ दिवा घेऊन हुडकलं तरी गावायचं न्हाई! तितं तू नुसतं तोंड उघडायचं!"

"त्यानं तोंड उघडावंच कावून?" आमचे आबा म्हणाले. "गप बसला तर निदान कळनार तरी न्हाई."

जन्मदात्याचा माझ्यावर एवढा विश्वास होता! पण मला ती सोयरीक मनापासून हवी होती. आदल्या वर्षी एका लग्नात मी अनसूयेला पाहिलं होतं. विहिणींच्या पंगतीत तिनं एकटीनं गाणं म्हणून अख्खी पंगत हसवली होती. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. (खात मात्र होतो.)

तेलगाव बैलगाडीनं तीन दिवसांच्या वाटेवर. मामांनी वाटभर माझी तालीम घेतली. मांजरसुंब्याला मुक्काम पडला तर तिथं आमचा बैल हंबरला.

"सांग, ह्येच्यात काय भाव हाय?" मामांनी विचारलं.

"विरह," मी म्हणालो.

"शाब्बास!" मामा म्हणाले. बैलाला तहान लागली होती, हे आबांनी बादली पुढं केल्यावर कळलं.

तेलगावात नानासाहेबांची बैठक माणसांनी भरून गेली होती. मधोमध चौरंगावर गाणारं यंत्र. त्याला सगळे फोनो म्हणत. केवढा तो पितळी कर्णा! मी तसलं यंत्र पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तेही लांबून.

"पावनं," नानासाहेब म्हणाले, "आदी परीक्षा, मग पोरगी. मागल्या म्हैन्यात एक जन आलता. तो तबल्याला डफडं म्हनला. आमी त्याला जेवू घातलं अन वाटंला लावलं. ही तबकडी कालच आलीया, आमीबी ऐकली न्हाई. कोन गातंय, काय म्हनतंय, कावून म्हनतंय, सांगा!"

आता यातली मेख अशी, की ह्या फोनोला दर गाण्याआधी दांडा फिरवून चावी द्यावी लागते. नानासाहेब घरचे मालक, ते कशाला दांडा फिरवतील! ते काम रोज अनसूया करायची. आणि आज अनसूया दाखवायची मुलगी म्हणून नऊवारी नेसून आत बसली होती. चावी कुणीच दिली नव्हती! नानासाहेबांनी ऐटीत सुई टेकवली. कालची उरलीसुरली चावी होती, तेवढ्यावर तबकडी फिरू लागली आणि कर्ण्यातून आवाज आला,

"घों... ओं... ओं..."

बैठक माझ्याकडं पाहू लागली. मी डोळे मिटले.

"खर्ज!" मी म्हणालो. "असा खर्ज आता ऐकायला मिळत नाही. गवई सत्तरीपलीकडचा आहे."

"वाहवा!" मामा.

"लई जुनं खोड दिसतंय," नानासाहेब खूश होऊन म्हणाले. "पन शब्द उमजत न्हाईत."

"शब्दांकडं जाऊच नका, नानासाहेब! भाषा जुनी आहे, उत्तरेकडची. आणि जाणकार शब्द ऐकतच नाही, तो शैली ऐकतो!"

नानासाहेबांनी बाजूच्या मंडळींकडं अशा डोळ्यांनी पाहिलं, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात आवाज आणखी खाली गेला. मला तर स्फुरणच चढलं!

"ऐका! स्वर पायरी पायरीनं उतरतोय! माणूस संसारातून उठत चाललाय. हे घर सुटलं... ही लेकरं सुटली... आणि ही, ही बायको गेली!"

"अरारारा!" कुणीतरी हुंदका दिला. पाहतो तर आमचे आबा! मी तोंड उघडू नये म्हणणारे आबा! नानासाहेबांनी उपरण्यानं डोळे टिपले. कर्णा आणखी दोनदा घोगरला, आणि अर्ध्या शब्दावर सगळं थांबलं. तबकडी जागच्या जागी गप्प.

"आणि हे मौन!" मी ओरडलो. "अर्थ इथं सुरू होतो!"

बैठकीत एक आजोबा होते, नानासाहेबांचे चुलते. ते हळूच म्हणाले, "म्हंजी... म्हातारं गाता गाताच गेलं का काय?"

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण सगळी बैठक श्वास रोखून बसली होती, आणि मामांनी माझ्या बरगडीत कोपर रुतवलं.

"तसंच समजा," मी म्हणालो.

आजोबांनी पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं. मग नानासाहेबांनी. मग सगळ्यांनी! "भाग्यवान मरन हाय," कुणी म्हणालं. "यंत्रातबी मरन गावतंय, काय जमाना आला!" दुसरं कुणी म्हणालं. कुणीतरी रामनाम सुरू केलं, आणि मामा त्यात ठेका धरू लागले.

इतक्यात आतून बांगड्या वाजल्या. अनसूया दाराचा पडदा सारून थेट बैठकीत आली. बोलावल्याशिवाय! तिनं कुणाकडं पाहिलं नाही, पदर खोचला, फोनोचा दांडा धरला आणि गरागरा फिरवला. मग सुई उचलून तबकडीच्या सुरुवातीला ठेवली, अन आली तशी आत निघून गेली.

कर्ण्यातून एक तरणीताठी, ठसकेबाज बाई गाऊ लागली! नवऱ्यानं बाजारातून चोळी आणली नाही म्हणून ती त्याला झाडून काढत होती. आणि कुठल्या भाषेत? शुद्ध मराठीत! गोठ्यातल्या गड्यानं शेण काढता काढता समजून घ्यावं असल्या मराठीत!

गाणं संपलं. मग आजोबांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. नानासाहेबांचा चेहरा लाल झाला.

"आमाला रडीवलं!" ते गरजले. "एका चोळीपायी आमाला रडीवलं! पावनं, गाडी जुंपा!"

आबा माझ्याकडं न बघता उठले. मामा तर आधीच बैलांपाशी पोचले होते. जन्मभर पुरेल एवढी फजिती झाली होती, पण मला दुःख होतं ते अनसूया हातची गेल्याचं. मी जोडे शोधत होतो (एक सापडत नव्हता), तेवढ्यात नानासाहेबांच्या बहीण, आत्याबाई, पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"दादा, पोरगी म्हनती, ह्योच करायचा."

"येड लागलं का तिला? कावून?"

"ती म्हनती, फोनोला येळंयेळंला चावी द्यावी लागती. ह्यो बिनचावीचा वाजतोय. घरात लई करमनूक हुईल."

नानासाहेब आधी डोळे वटारून पाहत राहिले. मग त्यांचं पोट हलू लागलं, मग मिशा, आणि मग ते असे हसले की कर्ण्यातही घुमलं. बैल सोडले, नारळ फुटला, आणि लग्नात फोनो अनसूयेबरोबर आमच्या घरी आला.

पुढं मी आष्टीला शाळेत मास्तर झालो. किती करुण कविता शिकवल्या! ओळ न् ओळ फोडून सांगितली, माझाच गळा दाटून आला, पण पोरं ढिम्म. एकाच्याही डोळ्यांत टिपूस नाही. परवा घरी येऊन मी बायकोपाशी कुरकुरलो, "तेलगावात भरल्या बैठकीला रडवणारा मी, मला आता एक पोरगं रडवता येऊ नये?"

ती फोनोला चावी देत होती. हात न थांबवता म्हणाली,

"त्येचं काय हाय, पोरांना कविता आदीच कळल्याली असती. तेलगावात गानं कुनालाच कळलं नव्हतं, म्हनून तर तुमचं चाललं!"