आवाज वाढवायचं बटण

मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे जुन्या फोनची मागची झाकणं, जी परत न्यायला कुणी येत नाही. दुसरी म्हणजे गिऱ्हाइकांचे किस्से. झाकणं मी दर दिवाळीला भंगारात देते. किश्शांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगत बसलेय.

आमचं दुकान जालन्यात मस्तगडला, एका जिन्याखाली. एवढंसं, की ह्यांनी स्टूल मागं सरकवलं की मला उठून उभं राहावं लागतं. हे म्हणजे माझे मिस्टर. सोल्डरिंग, डिस्प्ले, चार्जिंगचा जॅक, सगळं तेच बघतात. मी दहावी शिकलेली, मला त्यातलं काही येत नाही. माझ्याकडे एकच काम आहे. फोन कंपनीच्या नावावर अडकला, पुढं जाईना, मागं येईना, की तो माझ्या हातात येतो!

असा फोन बंद करायचा. मग पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरायचं. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येतात, तो रिकव्हरी मेनू. तिथं बोट फिरवून काही होत नाही. आवाजाच्या बटणांनी निवडीची रंगीत पट्टी वर-खाली न्यायची आणि पॉवरचं बटण दाबलं की ती ओळ मंजूर. मी त्या ओळींना घरची नावं ठेवलीत आणि इंग्रजी अक्षरांसकट एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगलीत. सगळ्यात वर 'पुन्हा चालू कर'. बरंच खाली 'सगळं पूस'. आणि त्याच्या लगेच खाली 'केर काढ'.

केर काढला की आतला फालतू कचरा तेवढा जातो, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. पुष्कळ फोन तेवढ्यानंच उठून बसतात. 'सगळं पूस' म्हणजे फोटो, नंबर, आवाज, सगळं गेलं! आणि दोघांत अंतर किती? एका ओळीचं. म्हणून मी वरून खाली जातच नाही. पहिल्या ओळीवरून आवाज वाढवायचं बटण दाबलं की पट्टी उलटी फिरून तळाला जाते. तिथून वर चढत 'केर काढ'पाशी थांबायचं. म्हणजे त्या 'सगळं पूस'च्या दारातून जायलाच नको.

इतकी वर्षं झाली, तरी तिच्या खालीच येऊन थांबायचं म्हटलं की माझ्या तळहाताला घाम सुटतो.

*

परवा सकाळी वाटूरकडच्या एका वस्तीवरून कौसाबाई आल्या. बरोबर त्यांचे सासरे. म्हातारबाबा आत आलेच नाहीत. पायरीवर बसले, भर उन्हात घोंगडं पोटाशी घट्ट धरून. मला वाटलं, अंगात ताप असेल. कौसाबाईंच्या पिशवीतून दुधाची बाटली डोकावत होती. म्हटलं, घरी नातू असणार.

त्यांनी फोन काउंटरवर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

"ताई, ह्याच्यात आमच्या मामाजीचा आवाज हाय." त्यांनी पायरीवरच्या सासऱ्यांकडे मान केली.

"म्हणजे?"

"गळ्याचं आपरेशन झालं त्यांच्या. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरनं आधीच सांगितल्तं, म्हणून आम्ही त्यांची हाळी फोनमधी भरून ठेवल्ती. मेंढ्या तेवढीच ऐकतेत. काल सकाळपासून फोन ह्या नावावर अडकून राह्यला. काल दिवस मावळायच्या टायमाला मेंढ्या वाघरीत शिरंनात. चार माणसं लावून जाळीत कोंडल्या."

"दुसऱ्या फोनमध्ये नाही घेतली?"

"आज घेऊ, उद्या घेऊ करून राह्यलो ना ताई." मग हळूच म्हणाल्या, "जाणार तर न्हाई ना?"

'जाणार नाही' असं मी छातीठोकपणे कधीच म्हणत नाही. फोन बंद करून बघितला, तर चार्जिंग होतं नऊ टक्के. पन्नास झाल्याशिवाय मी त्या मेनूत पाऊल टाकत नाही. मधेच फोन मेला, तर मग देवच वाली. तेव्हा फोन चार्जिंगला लावला, आणि त्या दोन तासांत मला मागचं एकेक आठवत राहिलं.

*

हे काम आधी ह्यांच्याकडेच होतं. एकदा लग्नात स्वयंपाक करणारे एक आचारी घाईघाईत आले. "जल्दी करा, मला परतूरला जायचंय." ह्यांनी बटणं दाबली, खाली गेले, आणि एक ओळ अलीकडेच थांबले. पुढं फोन विचारतो, 'नक्की ना?' तिथंही ह्यांनी पॉवर दाबून होकार दिला.

फोन झकास चालू झाला. आत काहीच नव्हतं! आचाऱ्यांच्या अख्ख्या सीझनच्या ऑर्डरी त्यात होत्या. कुणाचं लग्न, कुठल्या गावी, किती माणसं, सगळं.

आचारी ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "मंग आता मी काय करू? जिथं मंडप दिसंल तिथं कढई घेऊन उभा राहू का?"

ह्यांना जेवण गेलं नाही. दोन दिवस हे आचाऱ्यांना दुकानात घेऊन बसले. फोन वाजला की हेच उचलायचे आणि विचारायचे, "तुमचं लग्न कधी आहे?"

एकदा पलीकडून एक मुलगी म्हणाली, "काका, मी बँकेतून बोलतेय."

कशाबशा सगळ्या ऑर्डरी जुळल्या. तिसऱ्या दिवशी ह्यांनी तो मेनू माझ्या स्वाधीन केला. मी म्हटलं, "अहो, मला भीती वाटते!" तर म्हणाले, "म्हणूनच तू कर. मला वाटत न्हाई, म्हणून माझ्याकडून पुसलं जातं."

तेव्हापासून दुकानाचा नियम झाला. पॉवर दाबायच्या आधी गिऱ्हाइकानं पडद्यावरची ओळ पुठ्ठ्याशी जुळवून बघायची. इंग्रजी येवो न येवो.

*

एक मावशी फोन लाल फडक्यात बांधून आल्या. गाठ सोडली तर फोनवर हळदीकुंकू आणि लिंबू!

"भाभी, ह्याच्यावर कुणीतरी करणी केली," त्या कानाशी येऊन म्हणाल्या.

मी भीतभीत पडदा बघितला. हिरवा बाहुला आडवा पडलेला, पोट उघडलेलं, वर लाल त्रिकोण. खरं सांगते, पहिल्यांदा बघणाऱ्याला धडकीच भरेल. काही फोनमध्ये मेनूच्या आधी हे चित्र येतं. मावशी फोन कमरेला घट्ट खोचायच्या, त्यात दोन्ही बटणं एकदम दाबली गेली होती, एवढंच.

मी 'पुन्हा चालू कर' केलं. मावशींच्या जिवात जीव आला. फडकं घेऊन गेल्या, लिंबू मात्र काउंटरवरच राहिलं.

हे दिवसभर त्या लिंबाकडे बघत काम करत होते. हात लावत नव्हते. "टाकून दे ना ते." "तुम्हीच टाका." "मी कशाला?"

संध्याकाळी मी त्याचं सरबत केलं. ह्यांनी घेतलं नाही.

*

मधे उठून बघितलं, चार्जिंग सव्वीस टक्के. ह्यांनी पायरीवर म्हातारबाबांना पाणी दिलं. त्यांनी एका हातानं तांब्या घेतला. दुसरा हात घोंगड्यातून बाहेर काढला नाही. कौसाबाई पाचव्यांदा विचारत होत्या, "झालं का?"

*

काही वेळा मात्र सगळं पुसण्याशिवाय इलाज नसतो. एका भाऊंचा फोन तसाच होता. त्यांच्या संमतीनं पुसला. पण पुसल्यावर फोन जुना ईमेल आणि पासवर्ड मागतो, चोरीचा फोन नाही ना म्हणून. भाऊंचा चेहरा उतरला. तो ईमेल त्यांच्या जावयानं काढून दिला होता, आणि जावई तीन वर्षांपासून रुसलेला. मेहुण्याच्या लग्नात ह्या जावयाला फेटा बांधायचा राहिला होता!

भाऊंनी दुकानातूनच फोन लावला, माझ्याच मोबाइलवरून. "जावईबापू, राग असू द्या. तेवढा पासवर्ड सांगा."

पलीकडून आवाज आला, "पासवर्ड असा फोनवर सांगत नसतात. घरी या."

गेले बिचारे! टॉवेल, टोपी, नारळ आणि एक फेटा घेऊन नवरा-बायको दोघं गेले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभे. मी पासवर्ड वाचला आणि काकूंकडे बघितलं. पासवर्ड म्हणजे जावयाच्या सासूबाईंचं, काकूंचंच नाव होतं.

काकूंनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "येवढं नाव ध्यानात होतं, तर मंग तीन वर्षं आई म्हणून एक फोन करता येत नव्हता का?"

*

पन्नास टक्के झाले.

मी चार्जर काढला, दोन्ही बटणं धरली. मेनू आला. नेहमीप्रमाणे तळाला जायला आवाज वाढवायचं बटण दाबलं, तर पट्टी एकदम दोन ओळी उडाली! परत दाबलं, यावेळी तीन. बटण पार सैल झालेलं, खुळखुळ्यासारखं वाजत होतं.

"कौसाबाई, ह्या बटणाला काय झालं?"

"रोजचं दाबून दाबून, ताई. फुल आवाज केल्याबगर लांबच्या मेंढीला ऐकू जात न्हाई."

खालचं बटण दाबून बघितलं. कोरं करकरीत, नव्यासारखं घट्ट. माझ्या मनातलं ओळखून त्याच म्हणाल्या, "त्याला कोण हात लावतंय? मेंढ्यांना बारीक आवाजात काय ऐकवायचं!"

म्हणजे माझा तळाकडचा रस्ता बंद. सैल बटणानं चढायला गेले असते, तर पट्टी कुठं जाऊन पडली असती नेम नव्हता. वरूनच एकेक ओळ उतरायचं होतं, त्या दारातून.

ह्यांनी सोल्डरिंगची गन बाजूला ठेवली. मी खालच्याच बटणानं पट्टी तळावरून फिरवून पहिल्या ओळीवर आणली, मग मोजत दाबत गेले. एक. दोन. तीन. चार. पट्टी 'सगळं पूस'वर आली.

"हीच का ती?" कौसाबाईंनी विचारलं.

"हीच. हिला ओलांडायचं."

मी दाबलं. पट्टी हललीच नाही! बटण इतकं घट्ट, की दाबलं गेलं का नाही तेच कळेना. अंगठ्याला घाम. तो पदराला पुसला. हे म्हणाले, "पॉवरवरचं बोट काढ आधी." बघते तर माझं दुसरं बोट पॉवरच्या बटणावरच टेकलेलं! ते काढलं. पुन्हा दाबलं, जोरात.

पट्टी खाली गेली.

"आता तुम्ही बघा," मी फोन त्यांच्यापुढं धरला. "दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर. काठीला पोट आहे, का चंद्रकोर आहे?"

कौसाबाईंनी पुठ्ठा बघितला, पडदा बघितला, परत पुठ्ठा बघितला. कुंकू लावताना आरशात बघावं तसं निरखून बघितलं.

"चंद्रकोर. बिलकुल चंद्रकोर हाय."

"नक्की?"

"पोट न्हाई त्याला. दाबा ताई."

मी पॉवर दाबलं. 'नक्की ना?' आलं, तिथं हो म्हटलं. मग खालच्याच बटणानं फिरून 'पुन्हा चालू कर'. फोन काळा झाला. कंपनीचं नाव आलं. आणि तिथंच थांबलं. तेच नाव, कालपासून अडकलेलं! पायरीवरचे म्हातारबाबा मान वळवून आमच्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात मोजत होते, तेही विसरले.

मग पडदा उजळला. पडद्यावर मेंढरांचा फोटो!

ह्यांनी आधी काय केलं असेल, तर हाळीची एक कॉपी मेमरी कार्डात काढली आणि एक माझ्या फोनमध्ये. "आता वाजवा," म्हणाले.

कौसाबाईंनी ते सैल बटण वर वर दाबलं आणि हाळी लावली.

"हुर्रऽऽ... हेऽऽ योऽऽ... याऽऽ याऽऽ..."

काय आवाज होता तो! जिन्याखालचं आमचं एवढंसं दुकान भरून गेलं. समोरचा सायकलवाला थांबला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडली.

आणि म्हातारबाबांचं घोंगडं हललं. त्यातून आधी दोन कान आले, मग एक काळं तोंड. "बेंऽऽ!"

"अगं बाई!" मी उडालेच.

"त्याची आई त्याला पिऊ देत न्हाई," कौसाबाई शरमून म्हणाल्या. "दर दोन घंट्याला बाटली लागते. तुम्ही दुकानात येऊ देणार न्हाई म्हणून बोललो न्हाई. वीस दिवसांचं हाय. मामाजीचं आपरेशन झाल्यावर जन्मलं."

कोकरू घोंगड्यातून खाली उतरलं. म्हातारबाबांनी दोन्ही हात पुढं केले. त्यांचे ओठ हलले, बराच वेळ हलत राहिले. कोकरानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते लटपटत आत आलं, स्टुलाला धडकलं, आणि काउंटरवरच्या फोनकडे मान वर करून ओरडायला लागलं.

म्हातारबाबा उठले. आत आले. त्यांनी वाजता फोन उचलला, बंडीच्या वरच्या खिशात ठेवला, आणि रस्त्यानं स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.

कोकरू त्यांच्या मागं निघालं.