जबड्यातले कान

चाकणला टेम्पोंमागे राक्षसाची तोंडं रंगवणारा एक पेंटर होता. ब्रश दातात धरून तो आधी नुसताच बघत बसायचा. एके दिवशी मी माझा टेम्पो घेऊन नंबर लावून उभा असताना त्यानं एका शेठच्या टेम्पोवर स्वतःच्या मनातला प्राणी काढला.

“याचे कान कुठंयत?” शेठ खेकसला.

“जबड्यात. तोंड उघडलं तरच ह्याला ऐकू येतं.”

“पुसून टाक.”

पेंटरनं चिंधी उचलली. पूर्वी मी कंपनीत होतो. शेजारी काम करणाऱ्याला विनाकारण नोकरीवरून काढलं, तेव्हा मी गप्प बसलो होतो. ते अजून सलतं.

“भाऊ, माझ्या टेम्पोवर काढा,” मी शेठसमोरच म्हणालो. “असाच.”

“जबडा आणखी मोठा करू?” पेंटर हसला.

“करा की.”

रंग ओला असतानाच मी चौकातून टेम्पो काढला, उगीचच हॉर्न वाजवत.