ताट खाली घ्या, मावशी

"मावशी, ताट जरा खाली घ्या. तुमचे हात येतायत फोटोत."

फोटोवाला असं म्हणाला. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. मी ताट खाली घेतलं. पोटाशी धरलं. ताटात शाल, नारळ आणि गुलाबाचा गुच्छ. जव्हारच्या त्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, तरी माझ्या पाठीवरून घाम चालला होता. माईकवरचे साहेब म्हणाले, "आणि आता, जयवंतीला घडवणारे तिचे प्रशिक्षक!" टाळ्या पडल्या. माझ्या ताटातली शाल उचलली गेली आणि आमच्या शाळेतल्या सरांच्या खांद्यावर पडली.

जयवंतीला मी घडवलं होतं.

आज हे वाक्य मी सरळ लिहिते. तेव्हा मनातल्या मनात म्हणायचीसुद्धा हिंमत नव्हती.

मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी कामाठी होते. रोजंदारीवर. कामाठी म्हणजे भांडी, झाडलोट, तांदूळ निवडणं, आजारी पोरींची उलटी पुसणं, आणि ज्या कामाला नाव नाही ते सगळं. पोरं मला मावशी म्हणत. सरही मावशी म्हणत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असून. एकदा नातं लावलं की नाव विचारावं लागत नाही.

पण मी धावणारी होते. पोशेऱ्याची. शाळेत असताना जिल्ह्यात पहिली आले होते. पुढच्या स्पर्धेला मुलींसोबत बाईमाणूस लागतं. आमच्या शाळेत एकही बाई शिक्षक नव्हती. म्हणून मी गेलेच नाही. संपलं. दहावी झाले, लग्न झालं, भिवंडीकडे वीटभट्टीवर राबून आले, मग ही कामाठीची जागा मिळाली.

जयवंती सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरची. आठवीत होती तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं. जेवणाची घंटा झाली आणि सगळी पोरं ताटल्या घेऊन पळाली. ही सगळ्यात मागून निघाली आणि सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर उभी. धाप नाही. तोंड बंद. नाकाने शांत श्वास चाललेला. मी डाव खाली ठेवला आणि तिच्याकडे बघतच राहिले. मागची पोरं ओरडायला लागली, मावशी वाढ ना!

दुसऱ्या दिवसापासून पहाटे तिला शाळेमागच्या माळावर न्यायला लागले. विहिरीचा दोर हातांनी मोजून घेतला आणि त्या दोराने फेरा आखला. रेघ मारायला चुना मागितला, तर चुना ऑफिसच्या भिंतीसाठी आहे म्हणाले. मग मी अंघोळीच्या पाण्याच्या चुलीतली राख घेतली. पहाटे राखेची रेघ ओढायची, दिवसभरात वाऱ्याने ती जायची. दुसऱ्या पहाटे पुन्हा.

चढाला पाऊल लहान. उताराला अंग मोकळं. शेवटच्या फेरीला खांदे सोड. माणूस घाबरला की त्याचे खांदे कानाला लागतात आणि पायाचं बळ तिथंच अडकतं. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही. डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चालताना कळलं होतं.

सर वाईट नव्हते. भूगोल शिकवायचे, खेळाचा चार्ज त्यांच्या गळ्यात मारलेला. एकदा त्यांनी मला एक जुनी शिट्टी दिली. तिच्यातला मणी हरवलेला. फुंकली की नुसती फुसफुस करायची. तरी मी ती गळ्यात घालायचे आणि पोरी हसायच्या.

जयवंती तीन हजार मीटरमध्ये राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोचली. मलाही नेलं. का, तर मुलीसोबत बाईमाणूस लागतं. माझ्या वेळी मिळालं नव्हतं ते बाईमाणूस आता मीच. मैदानात जायचं ओळखपत्र सरांच्या गळ्यात होतं. मी जाळीबाहेर. शेवटच्या फेरीला मी जाळीला तोंड लावून ओरडले, "खांदं सोड, जयवंते!" तिने सोडले. दोघींना मागे टाकलं. दुसरी आली.

मग मुंबईची एक संस्था आली. होतकरू खेळाडूला मदत आणि त्याच्या प्रशिक्षकालाही मदत. खेळाडूला बूट आणि खुराक. प्रशिक्षकाला शहरात नेऊन पंधरा दिवस शिकवणार. फॉर्मवर प्रशिक्षकाचं नाव हवं होतं. सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "मावशी, कामाठीचं नाव फॉर्मवर चालत नाही. लोक हसतील आपल्याला. मी माझं घालतो. काम तुम्हीच बघा."

मी मान हलवली. रोजंदारीचा आदेश दर जूनला नवा निघतो. त्यात आपलं नाव राहावं म्हणून माणूस वर्षभर मान हलवायला शिकतो.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी त्याहून वाईट केलं. जव्हारच्या त्या सत्काराच्या आदल्या दिवशी जयवंतीला कोठीच्या खोलीत बसवलं आणि तिच्याकडून पाठ करून घेतलं.

"सांग, मला माझ्या सरांनी घडवलं."

"पन तू शिकवला ना, मावशी."

"सांग म्हणते ना. सर आपले मोठे. सर सांगतील तसं करायचं."

ती म्हणाली. मी पुन्हा म्हणायला लावलं. हॉलमध्ये माईकवर तिने ते वाक्य न अडखळता म्हटलं. माझी पोर आहे, जे शिकवावं ते बिनचूक करते. तेव्हा मी ताट पोटाशी धरून तिच्या बाजूलाच उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही खालीच बघत होते.

सर शहरातून शिकून आले. हातात घड्याळ, फोनमध्ये तक्ता. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला किती सोपं असतं! माळ बंद झाला. डांबरी रस्त्यावर धावणं सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, सर, एवढं डांबरावर नको, पोर अजून वाढीची आहे. ते म्हणाले, "मावशी, हे शास्त्र आहे. तुम्ही भाताकडे बघा."

मी भाताकडे बघितलं. खिडकीतून ती रस्त्यावर दिसायची. मी तांदळातले खडे काढत राहायचे.

एके दिवशी ती ताटली घेऊन पुढे आली आणि मला दिसलं. डावं पाऊल ती चोरून टाकत होती. कोणाला कळलं नसतं, मला कळलं. तिला आत ओढलं, नडगीवर अंगठा दाबला. ती कळवळली.

"कधीपासून?"

"होळीपासून."

"एवढे दिवस सांगला का नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. खरंच तिला प्रश्न पडला होता.

"तूच सांगलास ना. सर सांगतील तसा करायचा."

कोणी कानाखाली वाजवली असती तरी इतकं लागलं नसतं. सरांनी शाल घेतली, घेऊ दे. मी पोरीच्या तोंडातला आवाज काढून घेतला होता. जे माझ्याशी झालं ते मी माझ्या हाताने तिला शिकवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "पोरी नाटकं करतात. पुढच्या आठवड्यात संस्थेचे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर चाचणी आहे. ती होऊ दे, मग बघू."

साहेब आले. मैदानात मांडव घातला होता. खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. आणि ताट. शाल, नारळ, गुच्छ. कोणीतरी ते माझ्या हातात दिलं. "मावशी, त्या दिवशीसारखंच. खाली धरा."

मी धरलं. खरं सांगते, धरलं. हाताला सवय झालेली असते.

समोर जयवंती नवे बूट घालून रेघेवर उभी होती. या खेपेला रेघ चुन्याची होती. पांढरीशुभ्र. तिने मान वळवली आणि तिचे खांदे मला दिसले. कानाला लागले होते.

मी ताट खाली ठेवलं. सरळ जमिनीवर, मातीत. नारळ घरंगळत साहेबांच्या खुर्चीखाली गेला. मी मैदान ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ही धावणार नाही."

साहेबांनी विचारलं, "या कोण?"

"कामाठी आहे, साहेब," सर म्हणाले. "मावशी, आत जा तुम्ही."

"मी हिची प्रशिक्षक आहे," मी म्हणाले. "हिच्या नडगीचं हाड दुखतंय. मी हिला धावू देणार नाही."

मांडवात कोणीतरी हसलं. संस्थेच्या एका मॅडमनी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्याकडे तसं सर्टिफिकेट आहे का?"

"नाही."

मी जयवंतीला म्हणाले, बूट काढ. ती खाली बसली आणि तिने नाड्या सोडल्या. कोणाला वाटेल, पोर माझ्या बाजूने उभी राहिली. नाही. मी सांगितलं म्हणून तिने काढले. सरांनी घाल म्हटलं असतं तर तिने पुन्हा घातले असते. ते मला अजून खातं.

जव्हारला नेऊन पायाचा फोटो काढला. हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस धावली असती तर मोडलं असतं. सरांनी ते कागद वाचले आणि घडी घालून परत दिले. संस्थेचं पत्र आलं. खेळाडू दुखापतग्रस्त आहे, सबब मदत तूर्त थांबवण्यात येत आहे. खुराक बंद झाला. जयवंतीचा बाप सूर्यमाळहून खाली आला आणि माझ्यावर बिघडला. "पोरीचा नशीब उघडला होता. तू बंद केलास. आता तू देशील काय तिला?" जूनच्या आदेशात माझं नाव नव्हतं.

आता मी मजुरीला जाते. पण त्याआधी पहाटे शाळेच्या कुंपणाबाहेरच्या माळावर जाते. राख माझ्या घरच्या चुलीची. सात पोरी येतात, पाड्यापाड्यांवरून. जयवंतीही येते. तिला मी नुसतं चालवते. परवा तिला म्हटलं, अजून पंधरा दिवस चालायचं, धावायचं नाही.

"का?" ती म्हणाली.

मी म्हटलं, मी सांगते म्हणून.

"तसा नाय. का ता सांग."

मला आधी राग आला. मग मी तिच्याशेजारी मातीत बसले आणि हाड कसं भरून येतं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं सगळं सांगितलं. तिने ऐकलं, विचार केला, आणि मग चालायला लागली.

आता पोर आली की मी तिला आधी धावायला शिकवत नाही. आधी एक शब्द मोठ्याने म्हणायला लावते. दुखतंय. माळावर सगळ्यांसमोर. लाजतात, हसतात, मग म्हणतात. दुसरा शब्द, का. तो त्या माझ्यावरच वापरतात आणि माझं डोकं खातात. खाऊ देत.

त्या संस्थेचा यंदाचा फॉर्म मी मागवला. शिक्षण दहावी लिहिलं. प्रमाणपत्र नाही असं लिहिलं. सध्याचा व्यवसाय, प्रशिक्षक. नाव माझं, पूर्ण, माझ्या अक्षरात. फाडतील कदाचित. पुढच्या वर्षी पुन्हा भरेन. राखेची रेघ रोज उडते, रोज ओढायची मला सवय आहे.

सत्कार होतच राहतील. मांडव उभे राहतील, साहेब येतील. ताट धरायला कोणीतरी लागेलच. आतापासून माणूस शोधून ठेवा. मी धरणार नाही, आणि माझ्या माळावरची एकही पोर धरणार नाही.