सहावी तार

दमले बाई, असं मी दिवसातून किती वेळा म्हणते ते आमच्या घरात कोणी मोजत नाही, हे बरं आहे. बँकेत दिवसभर काउंटरवर बोलायचं, "भैया, लाइन में आइए", "माताजी, अंगूठा यहाँ लगाइए", आणि ऑपरेशन झाल्यापासून संध्याकाळपर्यंत माझा घसा पार बसतो. गळ्यातली गाठ काढली. साधीच निघाली, देवापुढे पेढे ठेवून झाले. आवाजाचं काय, असं मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "आ जाएगी, धीरे-धीरे." धीरे-धीरे म्हणजे कधी, ते काही बोलले नाहीत.

नोकरी, घर, बदल्या यांत माझं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, गाणं. मोठी गायिका वगैरे नव्हे हो. लखनौच्या मराठी मंडळात भावगीत म्हणायला उभी राहिले की मागचे लोक खुर्च्या पुढे ओढायचे, एवढंच. तेवढंही गेलं तर मग मी कोण उरते, हा विचार मला त्या दिवसांत काउंटरवर नोटा मोजतानाही सोडत नव्हता.

साथीला आमचे हे. रेल्वेत पुलांचे इंजिनियर, आणि हौस गिटारची. गळ्यात अडकवायची गिटार नव्हे. टेबलासारखी चार पायांवर उभी राहणारी, दहा तारांची, खाली पेडल असलेली. पेडल स्टील म्हणतात तिला. छावणीतल्या एका फौजी साहेबांची बदली झाली, त्यांना ते धूड पुढे न्यायचं नव्हतं, म्हणून ते इंदिरा नगरला आमच्या हॉलमध्ये आलं आणि माझं डायनिंग टेबल भिंतीला लागलं. लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, आणि पायाने पेडल दाबलं की एखादी तार ताणली जाऊन स्वर वर चढतो. ऐकायला गोड लागतं, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, एका शनिवारी, ह्यांच्या साथीवर मी पुन्हा गायला बसले. अंतऱ्यात एक लांब स्वर आहे. तो मी धरला आणि मला तो पडल्यासारखा वाटला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. मुलीने फोनवर रेकॉर्ड केलं. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलणार हिंदीत. "आई, यहाँ पर आप थोड़ा नीचे जा रही हो," म्हणाली. एवढं तोंडावर सांगायची काही गरज होती का? मी पोळ्या करायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

हे मात्र ते रेकॉर्डिंग ऐकत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर सूर मोजायचं ॲप लावून गिटारवर वाकले, आणि एकदम हाक मारली, "अगं, इकडे ये! तुझा आवाज नाही, ही सहावी तार उतरतेय!"

मी कणकेचे हात घेऊनच गेले. ह्यांनी सहावी तार छेडली, ॲपचा काटा मधोमध. मग पहिलं पेडल दाबलं. त्या पेडलने पाचवी तार चढते, सहावीशी त्याचा संबंधही नाही, तरी काटा डावीकडे, उतरत्या बाजूला कलला. "पाचवी ताणली की गिटारची ही अख्खी पेटी केसभर वाकते आणि बाकीच्या तारा ढिल्या पडतात. गाडी आली की पूल दबतो ना, तसंच. आणि त्या लांब स्वराला मी हेच पेडल दाबतो, तू नेमकी हिच्यावर टेकतेस. ती उतरली की तू उतरणारच!"

इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी मुलीला सांगितलं, बहिणीला फोन केला, बँकेत डबा खाताना विषय नसताना काढला. अहो, माझ्या गळ्याला काही झालेलं नाही, ह्यांच्या गिटारची तार उतरते! सगळे हसायचे, मीही हसायचे.

पण चूक सापडली आणि ती तशीच राहू दिली, हे ह्यांच्या रक्तात नाही. पेटी काही बदलता येत नाही, तेव्हा तार बदलायची. आत्ताची तार साधी होती, नुसतं पोलाद. ती जरा ढिली पडली की सूर लगेच पडतो. तिच्या जागी गुंडाळलेली घालायची, आत बारीक तार आणि वरून वेटोळं, म्हणजे तेवढ्याच ढिलाईने तिचा सूर फारसा हलत नाही. तोटा एकच, दुसऱ्या पेडलने हिला वर चढवायचं तर पाय जास्त खोल दाबावा लागतो. अमीनाबादला पायपीट झाली, दुकानदाराने "ये क्या चीज़ है साहब" म्हणून हात जोडले. शेवटी परदेशातून मागवली.

पाकीट आलं आणि मी बहाणे काढायला लागले. आज नको, आज सब्जी आणायचीय. आज नको, डोकं दुखतंय. जुनी तार होती तोवर मला काहीतरी बोट दाखवायला होतं, हे त्यांना कसं सांगणार? रविवारी मी आंघोळीला गेले तेवढ्यात ह्यांनी तार बसवून टाकली.

"बघ," म्हणाले. पेडल दाबलं. काटा जेमतेम हलला. "आता गा."

मी गायले. लांब स्वर आला. तार जागच्या जागी होती. माझा स्वर तिच्यावर थांबला, थरथरला आणि खाली गेला, एकटाच. मुलगी दारात उभी होती. ती वळली आणि आत जाऊन भांडी लावायला लागली.

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. मग पेडलवरून पाय काढून त्यांनी घोटा चोळायला सुरुवात केली.

"काय झालं?"

"काही नाही गं. हिला फार खोल दाबावं लागतं, घोटा धरला माझा. ही तार नाही जमायची."

ह्या माणसाचा घोटा? परवा लिफ्ट बंद होती तर गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढले होते. थापा मारू नका, असं ओरडावंसं वाटलं मला. मला माझा राग आला, त्यांचा आला, आणि रडूही आलं.

"मग साधीच लावा," मी म्हटलं. "उगाच पायाला त्रास कशाला."

त्यांनी लगेच डब्यातली साधी तार काढली.

आताही शनिवारी आम्ही बसतो. तो लांब स्वर येतो, ह्यांचा पाय खाली जातो, तार उतरते आणि मीही उतरते. मुलगी आता रेकॉर्ड करायला फोन काढत नाही. गाणं संपलं की मी बाम घेऊन येते, आणि हे मुकाट्याने पाय पुढे करतात.