अर्धा ठेवलेला अध्याय

भुसावळला पहाटेच्या पॅसेंजरमध्ये बसलो आणि केळीच्या बागा बघता बघता झोपलो. जाग आली तेव्हा गाडी थांबली होती. धुक्यात अर्धवट बुडालेल्या पाटीवर ‘चांदनी’ लिहिलं होतं. स्वप्न पुढे चालू आहे असं समजून मी उतरलो.

“बुऱ्हाणपूर तर मागेच निघून गेलं ना भाऊ,” चहावाला म्हणाला. “उलटी गाडी येईल. तोवर चाय घ्या, काय घाई?”

घाई नव्हतीच. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात राहणाऱ्या शालिनीताईंनी बोलावलं होतं. जळगावला त्या आमच्या शेजारी होत्या. पुढे यजमानांच्या कागद कारखान्यातल्या नोकरीपायी इकडे आल्या आणि इथेच रमल्या. त्या ख्रिस्ती. कुणाला बायबल वाचावंसं वाटलं तर त्याच्याबरोबर वाचत बसतात. आता त्या नाशिकला मुलीकडे कायमच्या निघाल्या होत्या. “मी आहे तोवर ये,” एवढंच फोनवर म्हणाल्या होत्या.

दुपारच्या आत पोहोचलो. वेशीपासून त्यांच्या घरापर्यंत ‘शाही’ हा शब्द इतक्या पाट्यांवर दिसला की बादशहा परत आला तर त्याला आपली वेगळी ओळख सांगावी लागेल. मात्र मावा जलेबी (खव्याची काळपट, जाडजूड जिलेबी) कुठलीही उपाधी न लावता मिळाली आणि ती खरोखर राजेशाही होती.

“आज वंदना येणार आहे,” ताई म्हणाल्या. “तिचीच काळजी वाटते.”

वंदना तापीकाठच्या केळीवाल्या कुटुंबातली. नवरा गेल्यावरही सासूजवळच राहिलेली. बायबल वाचायची इच्छा तिचीच. पण घरी पोथीचं पारायण ऐकत वाढल्यामुळे हेही ती तसंच वाचायची: आंघोळ, उदबत्ती, मग एका लयीत धडाधड अख्खा अध्याय. शेवटी साखरेचा नैवेद्य. काय वाचलंस विचारलं की उत्तर ठरलेलं: “अध्याय झाला, ताई.” थोडं वाच, पुस्तक मिट, आपल्या शब्दांत सांग, अडेल तिथे विचार, असं ताई किती वेळा सांगून थकल्या होत्या.

“मी गेले की ते लाल कपड्यात बांधून देवघरात ठेवेल,” त्या म्हणाल्या. “पूजा होईल. वाचन थांबेल.”

चारच्या सुमारास सासू-सून आल्या. खिडकीतून हिवाळ्याचं मऊ ऊन आत येत होतं. वंदनाने रूथची गोष्ट सुरू केली. परमुलखात नवरा आणि मुलगे गमावलेली नामी माघारी निघते, रूथ आणि अर्पा या विधवा सुनांना माहेरी जा म्हणते. वंदनाचा आवाज एकसुरी, दूरच्या रहाटासारखा. माझे डोळे मिटू लागले.

आणि रहाट थांबला.

“ताई, ही अर्पा कुठं गेली?”

“माहेरी.”

“ते समजलं. पण पुढं?” ती पानं उलटत राहिली. “पुढं सगळी गोष्ट सासूसंग गेली तिचीच आहे. परत गेली ती पण रडलीच होती ना? लिहिलंय इथं. मग ती खराब होती काय?”

ताईंचं तोंड उघडलं. त्यांच्याकडे उत्तर असणार, ते माझ्या लहानपणापासून असतंच. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

“तुला काय वाटतं?”

वंदनाने सासूकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघते?” म्हातारी सुपारी कातरत म्हणाली. “मी काय बांधून ठेवलं तुला?” मग हळूच, “जाशील तर सांगून जा, म्हणजे झालं.”

“जात नाही हो आत्याबाई (सासूला ती असंच म्हणते). फक्त विचारतेय.”

“मग अध्याय तर पुरा कर. अर्धा ठेवू नये बाई, दोष लागतो.”

“राहू द्या. हे समजल्याबिगर पुढं नाही जायचं. घरी परत वाचते.”

तिने केसातला आकडा काढून त्या पानाला लावला. ताई कप विसळायला आत गेल्या आणि बराच वेळ नळ नुसता वाहत राहिला.

संध्याकाळी आम्ही तापीवर गेलो. पाणी हलत नव्हतं, की आम्हीच वाहत होतो, सांगता येईना. “तुम्ही उत्तर का नाही दिलंत?” मी विचारलं.

“दिलं असतं तर तिने पान उलटलं असतं,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत पुन्हा केळीच्या बागा, पुन्हा धुकं. माझी श्रद्धा तशी कशावरच बसत नाही, अजूनही बसलेली नाही. पण एक बाई रडत रडत माहेरच्या वाटेला लागली होती, आणि तिचं पुढे काय झालं हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. भुसावळ येईपर्यंत मी तिच्याबरोबर चालत होतो. झोप लागली नाही.