पाण्याने स्वतः शोधलेली वाट

वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी जेवणं झाली की भिंतीसुद्धा पेंगतात. त्या दुपारी मी लॅपटॉपसमोर जागा होतो. निदान माझा तसा समज होता.

यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढणं हे माझं काम. आयुष्यभर त्या भागांतून जाणाऱ्या पाण्याच्या वाटा मी सरळ काढल्या, फार तर काटकोनात वळवल्या. ऑफिसात आलेल्या नव्या सॉफ्टवेअरला मात्र नुसती चौकट द्यायची, पाणी कुठून येणार नि कुठून जाणार ते सांगायचं; आतली वाट ते स्वतः शोधतं. बॅटरी थंड ठेवणाऱ्या धातूच्या प्लेटसाठी अशी वाट मला सोमवारी दाखवायची होती. जमलं नाही तर हे काम नव्या मुलांकडे जाईल आणि मी जुनी ड्रॉइंग दुरुस्त करत निवृत्त होईन, हे साहेबांनी फार गोड शब्दांत सांगितलं होतं.

पाण्याचा दाब कमीत कमी खर्च व्हावा, असं उद्दिष्ट मी भरलं. पडद्यावर राखाडी धुकं पसरलं, हळूहळू निळं होऊ लागलं. पुढे मीच पाणी झालो होतो आणि कुठेही न आपटता वाहत होतो. ऑफिसात असं कधी घडलं नव्हतं.

जाग आली तेव्हा चौकटीतला सगळा धातू गायब. नुसता पाण्याचा निळा चौकोन.

बायको चहा घेऊन मागे उभी होती. ती गणित शिकवते. मी काय काय भरलं ते तिने विचारून घेतलं.

"अहो, धातू किती ठेवायचा ते सांगितलंतच नाही. मग ते कशाला ठेवेल? तुमचं इतकं तंतोतंत ऐकणारं घरात दुसरं कोणी नाही."

पाण्याला चौकटीचा तिसरा हिस्साच मिळेल, अशी मर्यादा घातली. पुन्हा धुकं. चहा निवत गेला, आम्ही दोघं बघत राहिलो. धुक्यातून एक धार फुटली, तिच्या दोन झाल्या, फांद्यांसारख्या वळत गेल्या आणि पलीकडच्या तोंडाशी पुन्हा एक झाल्या. इतकं सुंदर वळण माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं.

"उद्या सांगाल ना, हे तुम्ही काढलेलं नाही म्हणून?"

"चौकट माझी आहे, एवढं म्हणेन."

सोमवारी तेवढंच म्हणालो. साहेबांनी पडद्यावरच्या त्या वळणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, पुढच्या प्लेटची चौकटही तुम्हीच आखा.