जयसिंगरावांचा तेलाचा हात

बडोद्याच्या वाडी भागात आमच्या घरासमोर जयसिंगराव राहतात. खाली गॅरेजचं बंद शटर, वर दोन खोल्या आणि त्या दोन खोल्यांत एकटा माणूस. मी चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आहे, माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही. पण हा गृहस्थ इतका कमी बोलतो, की त्याच्याविषयी जे काही कळलं ते मला उकरून उकरून काढावं लागलं. वय एकाहत्तर. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्याचा ताठा अजून पाठीच्या कण्यात आहे. जिना चढताना कठड्याला हात लावतील तर शपथ.

एके काळी त्यांच्या गॅरेजचं बडोद्यात नाव होतं. गाडी दारात यायच्या आधीच नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "तिसरा प्लग बघा." आणि तिसराच प्लग गेलेला असायचा. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा धैर्यशील गिऱ्हाइकांसमोर बोलून गेला, "आबा, आता गाड्या कॉम्प्युटर तपासतो. तुमच्या कानाचे दिवस गेले." जयसिंगराव म्हणाले, "मग तू कॉम्प्युटरकडेच जा." झालं. पोरगा बायकोला घेऊन गोत्रीला राहायला गेला. वाघोडियाच्या कारखान्यात त्याची नोकरी होतीच. इकडे गॅरेजचं शटर खाली आलं ते आलंच. पुढल्या वर्षी जयसिंगरावांच्या पत्नी संयोगिताबाई गेल्या, तेव्हा तो तेरा दिवस आला, पाहुण्यासारखा भिंतीला टेकून बसला आणि गेला. गोत्री काही लंडन नाही, अर्ध्या तासाचा रस्ता. पण त्यानंतर दोघांपैकी एकानेही तो तुडवला नाही.

गॅरेज बंद पडल्यावर जयसिंगराव काय करायचे? काही नाही. माझा मिक्सर न बिघडताच दुरुस्त करून जायचे. एकदा सकाळी मी भाजी घेऊन येत असताना त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "कमलाताई, कालपासून कोणाशी बोललो नव्हतो, आवाज बसला की काय ते बघत होतो." हसत म्हणाले, पण मला मेलं दिवसभर काही सुचलं नाही.

मग गेल्या माघात एका रविवारी धैर्यशीलची गाडी शटरपाशी येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, हिसके देत देत पोचली. इंजिन मध्येच एखादा ठोका चुकवायचं आणि सगळी गाडी थरथरायची. गॅरेजवाले याला 'मिसिंग' म्हणतात, हेही मी आता शिकले. झालं होतं असं, की या शहाण्याने कंपनीचा हवेच्या फिल्टरचा काळा डबा काढून बाजारातला उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवून घेतला होता. त्याने गाडी जास्त पळते म्हणे. दोन मेकॅनिकांकडे फिरून झालं, प्लग बदलून झाले, तेव्हा कुठे वडिलांची आठवण आली.

"आबा, मिसिंग करतेय," एवढंच तो म्हणाला. केम छो नाही, तब्येत कशी नाही. जयसिंगरावांनीही काही विचारलं नाही. चार वर्षांनी शटर वर गेलं.

त्यांनी इंजिन चालू ठेवून कान लावला आणि नव्या पाइपाची पट्टी ढिली असल्याचं दोन मिनिटांत सांगितलं. तिथून चोरटी हवा आत शिरत होती. पट्टी आवळली, ठोका सुधारला. तिथे थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवत होते. त्यांनी तो कापडी फिल्टर काढला, धुतला, वाळवला आणि त्याच्यासोबत आलेलं लाल तेल त्याला पाजलं. पाजलं म्हणजे निथळेपर्यंत. जुन्या जीप आणि स्कूटर दुरुस्त केलेला माणूस, त्या काळी फिल्टर तेलात भिजवायचीच पद्धत. "कोरडा फिल्टर म्हणजे बिनतेलाचं डोकं, धूळ चढणारच," असं ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, पण ऐकवलं मुलाला.

पुढच्या रविवारी गाडी परत आली. पुन्हा मिसिंग. जयसिंगरावांनी सगळीकडे स्प्रे मारून सफाई केली, फिल्टर धुतला, पुन्हा तेल पाजलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. असे सहा रविवार. तिसऱ्या खेपेला धैर्यशील चहाला थांबला, चौथ्या खेपेला येताना सेव-उसळ घेऊन आला, पाचव्याला जेवून बापाच्या खाटेवर तासभर घोरला. जयसिंगराव शनिवारीच दाढी करायला लागले. त्यांना मी तेव्हा जितकं बोलताना ऐकलं, तितकं संयोगिताबाई असतानाही ऐकलं नव्हतं. गाडी बरी होऊ नये अशी मी देवाजवळ मागणी केली, खोटं कशाला बोलू.

सहाव्या रविवारी धैर्यशील आल्याआल्या म्हणाला, "आबा, बायपासवर गाडी एकदम दबली, पळेचना. मागे ट्रक होता. थोडक्यात वाचलो." जयसिंगरावांचा चेहरा उतरला. मुलगा सेव-उसळ आणायला गेला, तसे ते बोनेटमध्ये वाकले आणि आजवर ज्याला हात लावला नव्हता तो आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर त्यांनी काढला. मी चहा घेऊन खाली आले, तर हातात भिंग धरून उभे.

"कमलाताई, हे बघा."

त्या सेन्सरच्या आत केसासारखी तार होती आणि तारेवर लाल तेल.

"माझंच तेल आहे हे. फिल्टरमधून उडून इथे बसतं, तार आंधळी होते, हवा चुकीची मोजते. इतके आठवडे गाडी मीच बिघडवत होतो." ते स्टुलावर बसले. "पोरगा बरोबर म्हणाला होता. माझे दिवस गेले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काही सांगू नका त्याला," मी म्हणाले. "तेल थोडं कमी घाला आणि गप्प बसा. गाडी नीट झाली, की तो येणार आहे का?"

"नाही येणार," ते म्हणाले. "पण मागे ट्रक होता."

धैर्यशील परतला तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं. चूक माझी, हात माझा. मग विचारलं, "कंपनीचा डबा कुठे आहे?" तो म्हणाला, "डिकीत." जयसिंगरावांनी सेन्सर साफ केला, डबा बसवला, प्रत्येक स्क्रू दोनदा तपासला. इंजिन असं चाललं की आवाजच येईना. धैर्यशील किल्ली हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. "बराबर, आबा. निघतो मग," म्हणाला आणि गेला. सेव-उसळ तशीच राहिली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. जयसिंगराव दाढी करून खिडकीत बसायचे आणि मी दिसले की उगाच पंख्याकडे बघायचे. तिसऱ्या रविवारी मला राहवलं नाही. चौथीत माझ्या हाताखाली होता हा पोरगा, त्याला फोन करायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

"गाडी बिघडल्याशिवाय बापाकडे येता येत नाही का रे?"

 तो हळूच म्हणाला, "मला माहीत होतं, बाई. दुसऱ्या रविवारनंतर कंपनीतल्या मित्राने तपासून सांगितलं होतं, तेल जास्त होतंय म्हणून. आठवडाभर मी सेन्सर साफ करून, जुना डबा लावूनच फिरायचो. शनिवारी तो फिल्टर परत बसवायचो."

"आणि ट्रक?"

"ट्रक नव्हता. त्यांना वाटू नये की मी उगाच येतो, म्हणून जरा जास्तच सांगितलं." मग म्हणाला, "आता काय सांगून येऊ?"

काय बोलणार या लोकांना? बाप तसा लेक. मी चप्पल पायात सरकवली, समोर गेले आणि जयसिंगरावांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं.

"म्हणजे चार रविवार तो गाडीसाठी आलाच नव्हता."

"कळलं ना? मग लावा फोन. सांगा, घरी ये म्हणून."

त्यांनी फोन लावला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात. पलीकडून "हं, आबा" ऐकू आलं आणि जयसिंगराव खाटेवर ताठ झाले. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. शेवटी विचारलं काय, तर, "गाडी कशी आहे?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

 पलीकडून धैर्यशील म्हणाला, "मिसिंग करतेय, आबा."

"मग रविवारी घेऊन ये," जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. डोळे भरले होते, पुसायचंही भान नव्हतं.

"खोटं बोलतोय, कमलाताई," ते म्हणाले. "तो डबा मी बसवलाय. ती गाडी मिसिंग करणं शक्यच नाही."